हेही लिहून घ्या

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार. उंद्री

पोहोचले एकदाची! खामगावहून चिखलीकडे जाणारी एसटी खचाखच भरलेली होती, पण खिडकीजवळची जागा मिळाली आणि सगळा शीण गेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस असा फुटला आहे की ऊन आभाळातून नाही, जमिनीतूनच येतंय असं वाटावं. अकोल्यात जन्म गेला, कापसाच्या गाड्या लहानपणापासून पाहिल्या, पण शेतात उभा असलेला कापूस इतक्या जवळून आजच पाहिला.

प्रेमानंद सर स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. नको नको म्हणताना बॅग हातातून घेतली. वाटेत कोणी दिसलं की थांबून, जय भीम घालून, ‘या मंजुश्री, आपल्या नव्या टायपिस्ट’ अशी ओळख करून देत होते. मला अगदी लाजायला झालं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते इथे आपल्या गावी एकटेच राहतात. पत्नी वारल्या, मुलगी सासरी.

काम मला फार आवडलं. गेली काही वर्षं सर कापूस वेचणाऱ्या बायांच्या मुलाखती कॅसेटवर घेत फिरले आहेत. ते म्हणाले, शेतकरी गेला की मोठमोठी माणसं गाड्या घेऊन येतात, गेलेल्या माणसाचं सगळं विचारतात. पण दुसऱ्या दिवशी बोंडं फुटली म्हणून जी बाई शेतात गेली तिला कोणी काही विचारत नाही. त्या बायांचं पुस्तक व्हायचं आहे. मी कॅसेट ऐकायची आणि कॉम्प्युटरवर शब्द न शब्द उतरवायचा.

राहायची सोय सरांच्या घराला लागूनच, सिंधूताईंकडे. ताई गप्पिष्ट आहेत. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, भाव यायची वाट बघतोय. रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि मिरच्यांचा ठेचा. डोळ्यांत पाणी आलं तरी दोनदा घेतला.

एक गंमत. सरांनी माझी प्रमाणपत्रं पाहिलीच नाहीत. हात पाहिले. कधी दुखतात का म्हणून विचारलं. मी हसून म्हटलं, आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये माझ्या वेगाला कोणी हात लावू शकत नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

२१ नोव्हेंबर, बुधवार

वीज पहाटे येते आणि दुपारी जाते, त्यामुळे काम सकाळीच उरकायचं. टेबल उंच होतं, खुर्चीखाली विटा लावून घेतल्या. मनगट टेकवायला सरांनी एक छोटी, वापरलेली उशी दिली.

पहिली कॅसेट त्यांनी स्वतः घातली, बटण दाबलं आणि बाहेर निघून गेले. आवाज रुखमाबाईंचा. याच गावच्या आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. काय बोलतात! बोलता बोलता हसतात, आणि मी टेप मागे नेऊन पुन्हा ऐकते. एक जागा मला इतकी आवडली की इथे लिहून ठेवते: ‘पह्यले बोंडं कशी, थोडी फुटत, थोडी थांबत. हे नवं बियानं आलं तं सारी एका खेपीच फुटतात. आता तेच थांबत नाही तं आमी कुठून थांबाव?’

मग हातांचं सांगितलं. बोंडाची टोकं नखांत कशी शिरतात, अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री कशी मिटत नाहीत, झोपेतसुद्धा हात गोधडी कसे वेचत राहतात. शेवटी म्हणतात, ‘सर, तुमी सारंच लिहून घेऊन राह्यले. मंग हे दुखनं बी लिहून घ्या ना. मले नको आता.’ सर हसतात, म्हणतात, घेतो, घेतो. मग थोडा वेळ नुसती टेपची खरखर. आणि रुखमाबाई म्हणतात, ‘पाहा बरं, हलकं वाटून राह्यलं!’ दोघंही हसतात.

मीही एकटीच हसले आणि ‘दोघे हसतात’ असं टाईप केलं.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज सुट्टी. सकाळी सरांच्या घरून पेटीचे सूर येत होते. फार सुंदर वाजवतात, बोटं पाण्यासारखी फिरतात. मी सिंधूताईंना तसं म्हटलं तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, दोन वर्षांमागं सरांच्याच्यानं चहाचा कप उचलल्या जात नव्हता. मी विचारलं, मग बरे कशानं झाले? त्या उठल्या. ताट घेऊन आत गेल्या. इतक्या बोलक्या बाई!

माझ्या आधी इथे गौसिया नावाची मुलगी टायपिंग करायची. ती उशी तिचीच. सर म्हणतात, लग्न ठरलं म्हणून सोडून गेली. सिंधूताई म्हणतात, आजारी पडली म्हणून बापानं नेली. कोण खरं बोलतंय?

उगाच काहीतरी. दोन्ही खरं असू शकतं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

चिखलीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. चार दिवस झाले, उजवा हात आधी मुंग्या आल्यासारखा झाला, मग मनगटातून कोपरापर्यंत कळ जायला लागली. डॉक्टर भले आहेत. म्हणाले, टायपिंग करणाऱ्यांना होतं हे, मनगटातली नस दाबली जाते. पट्टा दिला. थोड्या थोड्या वेळानं उठायचं, बोटं ताणायची, मनगट वाकवून बसायचं नाही. गरम पाण्यात मीठ टाकून मुठी उघडायच्या-मिटायच्या.

सगळं करतेय. शिफ्टचं बटण डाव्या हातानं दाबते. दुखायला लागलं की पेन्सिल मुठीत धरून तिच्या टोकानं अक्षरं मारते, हळू होतं पण होतं.

खटकलं ते वेगळंच. परत येऊन मी सरांना सांगायला गेले तर सांगण्याआधीच त्यांनी कपाटातून गरम पाण्याची पिशवी, तेलाची बाटली आणि अगदी तसाच पट्टा काढून टेबलावर ठेवला. पट्टा जुना होता. माझ्या मापाचा नव्हता. कोणाचा, असं विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि, मी शपथेवर लिहिते, त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

४ डिसेंबर, मंगळवार

तेल लावणं बंद केलं. ते लावल्यावर बरं वाटत नाही, उलट बोटं चुरचुरतात. काय घातलंय त्यात? पण बंद करूनही चुरचुर आहेच. डॉक्टर म्हणाले होते मनगट आणि कोपर. हे तिथलं दुखणं राहिलं नाही. हे नखांच्या कडांना आहे, आतून टोचल्यासारखं. आज अंगठ्याच्या नखाजवळ कातडी निघालेली दिसली. कळफलकावर कातडी निघते का कोणाची?

आणखी एक. कॉम्प्युटरमध्ये जुनी कामं चाळताना रुखमाबाईंची मुलाखत सापडली. आधीच पूर्ण टाईप केलेली, गौसियाच्या नावाखाली. शुद्ध, एक चूक नाही. आणखी मागे गेले तर तीच पुन्हा एकदा, सरांनी स्वतः केलेली. ढिगानं कॅसेट पडल्या आहेत, त्यांना अजून कोणी हात लावलेला नाही. मग हीच मुलाखत मला सगळ्यात आधी का दिली?

विचारलं. म्हणाले, आधीच्या प्रतीत चुका होत्या. बोलताना डोळे वर केले नाहीत.

६ डिसेंबर, गुरुवार

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळ व्हायच्या आत विहारात गेले. सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत, मेणबत्त्या, वंदना सुरू. मन शांत झालं. बाबांची आठवण आली. आमच्या घरात बाबांनी कधी गंडादोरा येऊ दिला नाही. काही झालं की म्हणायचे, कारण शोध.

डोळे मिटून बसले होते. पुढची बाई एकदम मागे वळली आणि रागानं बघायला लागली. माझा उजवा हात तिच्या पदराला होता. तीन बोटं चिमटीत पदराची किनार ओढत होती. धागे निघाले होते. मला काही जाणवलं नव्हतं.

माफी मागितली. ती म्हणाली, लक्ष नाही का पोरी तुझं?

लक्ष होतं. तेच तर आहे ना.

९ डिसेंबर, रविवार

दुपारी डोळा लागला. जाग आली ती हातांच्या कळेनं. गादीची शिवण उसवलेली, आणि माझ्या डोक्याशी कापसाचा ढीग. नुसता ओढून फेकलेला नाही. एकेक पुंजका मोकळा करून, कचरा बाजूला काढून, नीट रचलेला. माझ्या मुठीत अजून थोडा होता.

सिंधूताई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. किंचाळल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. जवळ आल्या, माझी बोटं उघडून कापूस काढून घेतला आणि म्हणाल्या, ‘हे वेचनीचे हात हायत, बाई.’

मी म्हटलं, मी आयुष्यात बोंड तोडलेलं नाही. त्या म्हणाल्या, सरांनीही तोडलं नव्हतं. गौसियानंही नाही. म्हणजे या बाईंना सगळं ठाऊक होतं! मला जेवायला वाढत होत्या, ठेचा वाढत होत्या, आणि ठाऊक होतं. मी ओरडले त्यांच्यावर. त्यांनी ऐकून घेतलं. गौसिया कुठे आहे विचारलं तर हळूच म्हणाल्या, मेहकरकडं, जानेफळले. मी सांगतलं म्हनू नको.

सरांना विचारलं तेव्हा ते काय म्हणाले? मुंबई.

१२ डिसेंबर, बुधवार

जानेफळला जाऊन आले. दोन गाड्या बदलल्या. दोन्ही हातांना फडकी गुंडाळून. गाडीत शेजारच्या म्हाताऱ्याचं पांढरंशुभ्र धोतर होतं, म्हणून उभ्यानंच गेले.

गौसियाचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. ती ओसरीवर बसून शेजारच्या नवरीच्या हातावर मेंदी काढत होती. काय ती रेघ! केसासारखी बारीक, कुठे थरथर नाही. मी माझं नाव सांगितलं. तिनं माझ्या फडक्यांकडे पाहिलं आणि मेंदीचा कोन तिच्या हातातून पडला.

नवरीला आत पाठवलं. पाणी दिलं. मग विचारलं, रुखमाबाईची कॅसेट कधी केली? मी सांगितलं, एकवीस तारखेला, बुधवारी. ती ओढणीत तोंड घालून रडायला लागली. त्याच बुधवारी संध्याकाळी तिनं कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या हातानं रोट्या लाटल्या होत्या. तिची अम्मी मोहल्ल्यात पेढे वाटून आली होती.

तिनं सगळं सांगितलं. कॅसेटवर सर हसत हसत ‘घेतो’ म्हणाले आणि ती मुलाखत त्यांनी उतरवली, तेव्हा रुखमाबाईंचे हात मोकळे झाले, सरांचे गेले. सरांना खरं वाटत नव्हतं. डॉक्टर केले, नागपूरपर्यंत जाऊन आले. मग गौसियाला कामावर ठेवलं. ती म्हणते, तेव्हा त्यांना नुसती शंका होती, मुद्दाम केलं नाही. तिनं तीच मुलाखत उतरवली आणि सर पेटी वाजवायला लागले.

मी म्हटलं, कॅसेट जाळून टाकायची. ती म्हणाली, तिनं टेप ओढून काढली होती, तुकडे केले होते. काही फरक पडला नाही. सरांकडे दुसरी प्रत होती. उतरवून घेणारं माणूस बदललं तरच दुखणं हलतं. तिचे हात गादीवर गेले, मग अम्मीच्या पांढऱ्या केसांवर, मग —

इथे तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. मी विचारलं, मग मला कोणी निवडलं?

‘मीच म्हटलं सरांले, कोनी लांबची पाहा. वळखीची नको.’ मग म्हणाली, ‘ताई, मले माफ करा म्हनू तरी कशी?’

हे सांगताना तिनं हात ओढणीखाली लपवले होते. जणू मी हिसकावून नेईन.

१३ डिसेंबर

सरांशी भांडले. सगळं कबूल केलं त्यांनी. रडले. म्हणाले, गौसिया वीस वर्षांची पोर, तिचा बाप रोज दारात येऊन बसायचा, काय करू? मी म्हटलं, मी किती वर्षांची आहे? तुम्हीच परत उतरवून घ्या म्हटलं, तर त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, तुझ्यासाठीही बघतो कोणीतरी.

तुझ्यासाठीही!

मी म्हटलं नाही. माझ्यापाशी थांबेल हे. बाबांची मुलगी आहे मी.

१५ डिसेंबर

पेन मुठीत धरून लिहिते आहे. अक्षर वाचता येईल का मला नंतर —

रुखमाबाई आल्या होत्या. सिंधूताईंनी बोलावलं. लहानशी, वाकलेली बाई. मला वाटलं होतं, मी तिचा गळा धरीन. तिनं माझी फडकी सोडली. हात उलटे केले, पालथे केले, अंगठा दाबला. म्हणाली, ‘हे तं माहेच हात.’

मी म्हटलं, मग घ्या परत.

ती लगेच हो म्हणाली. लगेच! सरांनी तिला मागे एकदा कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं म्हणे, तेव्हाही तयार होती. ‘पन मले अक्षर येत नाही, बाई. येत असतं तं मीच लिहून घेतलं असतं वापस. माहंच होतं ते.’

मग भाकर कुस्करून तिनं मला भरवलं. घास घेताना माझी बोटं तिच्या डोक्यावरचे पांढरे केस — तिनं माझा हात हटवला नाही. वेचू दिले.

१८ डिसेंबर

घरी जायला निघाले होते. स्टँडवर थांबले आणि आईचे पांढरे केस डोळ्यांपुढे आले. परत फिरले.

सिंधूताई हात खाटेला बांधून देतात. मीच सांगितलंय. सोडलं की तांदूळ. सोडलं की भिंतीचा चुना. नखं राहिली नाहीत आता, तरी —

बाबा, कारण सापडलं. पुढे काय करायचं?

२० डिसेंबर

सर सांगून गेले. वडनेर भोलजीची मुलगी आहे, समीना. सोमवारी येतेय. मी काही बोलू नये, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आल्या आल्या सांगणार. तिला त्याच गाडीनं परत पाठवणार. सर म्हणाले, तुझी मर्जी. इतक्या शांतपणे का म्हणाले?

त्यांना काय माहीत आहे माझ्याबद्दल, जे मला नाही —

२२ डिसें.

तोंड धुवायला सोडले हात. आरशापुढे. दोन्ही वर आले. हळू. चिमूट धरून. डोळ्याशी. डोळ्यात पांढरं असतं —

सिंधूताई धावल्या.

डाव्या पापणीला लागलंय. दिसतंय अजून.

२३

नाही सांगणार असं होणार नाही. सांगणार. सांगणार. सांग

२४ डिसेंबर, सोमवार

समीना आली. वडिलांनी मोटरसायकलवर सोडलं आणि ते गेले. हसरी आहे, गालावर खळी. डब्यातून डिंकाचे लाडू आणलेत, माझ्यासाठीसुद्धा. ताई, तुमच्या हाताले आन डोळ्याले काय झालं, असं तिनं आल्या आल्याच विचारलं. दार उघडंच होतं. वडिलांची गाडी अजून वळणावर होती. मी म्हटलं, पडले.

का म्हटलं तसं? माहीत नाही. जरा श्वास घेऊन सांगायचं होतं. पाणी पिऊ दे, बसू दे, मग.

सरांनी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि बाहेर निघून गेले. काम दाखवायला म्हणून मी तिच्या शेजारी बसले आहे, वही मांडीवर. मुठीतल्या पेनानं लिहिते आहे. रुखमाबाई बोलायला लागल्या. समीनाचा वेग चांगला आहे. माझ्यापेक्षाही चांगला असेल. ती ऐकता ऐकता हसते. पहिलं पान झालं. तेवढं होऊ दिलं, कारण पहिल्या पानात नुसतं नाव-गाव आहे, त्यानं काय होतंय.

बोंडं फुटण्याचं आलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, किती छान बोलतात ना? मी हो म्हटलं.

अंगठा वळला.

आपोआप नाही, मी वळवला म्हणून वळला. करंगळीला टेकला. किती दिवसांनी! फडकं दातांनी सोडलं. बोटं उघडली, मिटली. टोचत नाही. पेन मुठीतून काढून बोटांत धरलंय. हे अक्षर माझं आहे, बघा, वेलांट्या गोल येताहेत, इन्स्टिट्यूटमध्ये यायच्या तशा. समोर वहीचं पांढरं पान आहे आणि हात त्याला काही करत नाहीत, फक्त लिहितात.

आता सांगितलं तरी चालेल. अर्धंच झालंय. अर्धं दुखणं सोसता येतं, मी सोसलंच की. तिला म्हणायचं, समीना, थांब. दोनच शब्द आहेत.

तिनं मघाशी एकदा मनगट झटकलं. पुन्हा टाईप करायला लागली.

आता ती जागा येईल, ‘मले नको आता’ वाली. त्याच्या आधी उठायचं. बटण माझ्या हाताच्या अंतरावर आहे आणि हात आता चालतो. हे चालू असलेलं एवढं वाक्य तेवढं पुरं होऊ दे, किती सुरेख उतरतंय, दुखत नाही, अडत नाही, हे पुरं झालं की मी उठणार आहे, समीनाच्या खांद्यावर हात ठेवणार आहे आणि तिला म्हणणार आहे की